कामाची वाट कधी बदलली?

प्रवासखर्चाचं बिल सादर केल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत किती दिवस लागतात? कोणत्याही मोठ्या कार्यालयात हा प्रश्न विचारला तर दोन उत्तरं मिळतात. एक नियमपुस्तिकेतलं आणि दुसरं लेखा विभागाच्या खिडकीपाशी हेलपाटे घातलेल्या माणसाचं. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते: आपण कधीच्या बिलाबद्दल बोलतोय? मागच्या वर्षी ते बिल चार टेबलांवरून फिरत असेल, यंदा तीनच टेबलांवरून. मधल्या काळात एखादं परिपत्रक निघालं असेल. कदाचित तेही निघालं नसेल. एक जुना कर्मचारी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आलेला माणूस प्रत्येक बिल आधी साहेबांना दाखवू लागला, एवढंच घडलं असेल.

जाहीर केलेल्या बदलाची तारीख कागदावर असते. पण संस्थांमधले कितीतरी बदल कोणी आदेश न काढता होतात. ते करणाऱ्यांनाही आपण काही बदललं असं वाटत नाही. असे बदल नेमके कधी झाले, कामाच्या कोणत्या टप्प्यावर झाले आणि त्यातून पुढे काय घडत गेलं, हे नोंदींवरून शोधून काढण्याचं एक शास्त्र गेल्या दीड दशकात उभं राहिलं आहे. त्याचं मुख्य सांगणं साधं आहे आणि माझ्या मते प्रत्येक कार्यालयानं ते मनावर घ्यायला हवं: काळ बाजूला ठेवून कामाचं चित्र काढलं तर ते चित्र चुकतं, आणि त्या चुकीच्या चित्रावरून घेतलेले निर्णय माणसांना भोगावे लागतात.

संगणकात उमटलेला माग

कागदी फायलींच्या काळात असा माग काढायचा तर आवक-जावक नोंदवह्या घेऊन बसावं लागे. आता बहुतेक कामं कुठल्या ना कुठल्या संगणक प्रणालीतून जातात आणि प्रत्येक टप्प्यावर एक नोंद आपोआप पडते. त्या नोंदीत तीन गोष्टी असल्या की काम भागतं: प्रकरणाचा क्रमांक, काय केलं ते, आणि केव्हा केलं ते. कोणी केलं हेही असेल तर उत्तमच. या नोंदींच्या संचाला इव्हेंट लॉग म्हणतात. एका प्रकरणाच्या सगळ्या नोंदी वेळेनुसार लावल्या की त्या प्रकरणानं धरलेली वाट दिसते. हजारो प्रकरणांच्या वाटा एकत्र केल्या की त्या कामाचा नकाशा तयार होतो.

नोंदींवरून असा नकाशा काढणाऱ्या ज्ञानशाखेला प्रोसेस मायनिंग म्हणतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन तंत्रज्ञान विद्यापीठात विल फान देर आल्स्ट यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस या अभ्यासाला सुरुवात केली. २००४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘अल्फा’ नावाची रीत प्रसिद्ध केली. नोंदींमध्ये कोणत्या कामानंतर लगेच कोणतं काम येतं एवढंच पाहून ही रीत संपूर्ण प्रक्रियेची आकृती बनवते. आज वापरात असलेल्या पद्धती तिच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत, पण मूळ कल्पना समजायला अल्फाइतकं सोपं उदाहरण नाही.

२०२० साली याच विद्यापीठानं स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या प्रवासखर्चाच्या नोंदी, व्यक्तींची ओळख काढून टाकून, जगभरच्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. देशांतर्गत प्रवासाची १०,५०० बिलं आणि त्यांच्या ५६,४३७ नोंदी. परदेश प्रवासाची ६,४४९ प्रकरणं आणि त्यांच्या ७२,१५१ नोंदी. देशातल्या प्रवासाला आधी परवानगी लागत नाही, प्रवास करून आल्यावर बिल टाकायचं. परदेशी जायचं तर आधी वरिष्ठांची मंजुरी घ्यायची. म्हणून देशातल्या एका बिलामागे सरासरी पाचच्या वर नोंदी आहेत आणि परदेशातल्या एका प्रकरणामागे अकराच्या वर. कर्मचाऱ्यानं बिल सादर केलं, प्रशासनानं मान्य केलं, निधी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं मान्य केलं, वरिष्ठांनी अंतिम मंजुरी दिली, रक्कम देण्याची सूचना गेली, रक्कम दिली गेली. मधेच कुठे बिल परत आलं, दुरुस्त होऊन पुन्हा वर गेलं. आपल्याकडे टीए बिल भरलेल्या कोणालाही हा प्रवास ओळखीचा वाटेल.

कधीच नसलेली प्रक्रिया

आता समजा, अशाच एका कार्यालयात वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक बिल आधी लेखा तपासणीला जात होतं आणि मग विभागप्रमुखांकडे. जुलैपासून क्रम उलटला: आधी विभागप्रमुख, मग लेखा तपासणी. वर्षाच्या शेवटी कोणी पूर्ण वर्षाच्या नोंदी एकत्र करून अल्फासारख्या रीतीला दिल्या. तिला काय दिसेल? काही बिलांत तपासणीनंतर लगेच मंजुरी आहे, काहींत मंजुरीनंतर लगेच तपासणी. दोन्ही क्रम आढळले की ही रीत निष्कर्ष काढते की ही दोन कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत, ती कोणत्याही क्रमानं किंवा बरोबरीनं करता येतात. मग आकृतीत ती समांतर दाखवली जातात.

ही आकृती पाहून एखादा अधिकारी म्हणेल, इथे क्रमाची शिस्तच नाही. प्रत्यक्षात वर्षातल्या प्रत्येक दिवशी क्रम काटेकोर पाळला गेला होता. फक्त जुलैमध्ये तो बदलला होता. दिवसांच्या सरासरीचंही तेच. पहिल्या सहामाहीत बिलाला ६ दिवस लागत असतील आणि दुसरीत १८, तर वर्षाची सरासरी सुमारे १२ येईल. बारा दिवसांत निकाली निघालेलं एकही बिल त्या कार्यालयात नसेल. एकाच शेताचा खरिपातला आणि रब्बीतला फोटो एकावर एक ठेवला तर भात आणि हरभरा एकाच वेळी उभे दिसतील, तसा हा प्रकार आहे.

२०११ साली लंडनमध्ये भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत हा प्रश्न पद्धतशीरपणे मांडला गेला. आर. पी. जगदीश चंद्र बोस हे भारतीय संशोधक तेव्हा आइंडहोवेनमध्ये होते. त्यांनी फान देर आल्स्ट, इंद्रे झ्लिओबाइते आणि मिकोला पेचेनिझ्की यांच्यासोबत निबंध सादर केला. ‘कॉन्सेप्ट ड्रिफ्ट’ हे नाव त्यांनी यंत्र-शिक्षणाच्या क्षेत्रातून घेतलं. तिथे ते अशा परिस्थितीला वापरतात की ज्या जगावरून संगणक शिकला ते जगच हळूहळू बदलून गेलं. त्यांनी तीन प्रश्न वेगळे केले. बदल कोणत्या क्षणी झाला? प्रक्रियेच्या कोणत्या भागात झाला आणि कसा? आणि एकामागून एक झालेल्या बदलांतून ती प्रक्रिया कशी घडत गेली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या दोहोंना हात घालता येत नाही.

बदलाच्या चार तऱ्हा

सगळे बदल एका पद्धतीनं येत नाहीत. अभ्यासक त्यांच्या चार तऱ्हा सांगतात.

पहिला अचानक येणारा. १ जुलै २०१७ला देशात जीएसटी लागू झाला. ३० जूनच्या रात्रीपर्यंत एका रीतीनं बनणारं विक्रीचं बिल दुसऱ्या दिवशी वेगळ्या रीतीनं बनायला लागलं. अशा बदलाची रेघ नोंदींमध्ये स्पष्ट उमटते.

दुसरा संथ संक्रमणाचा. जुनी आणि नवी रीत काही काळ शेजारी-शेजारी चालतात. आधी दाखल झालेले अर्ज जुन्या नियमानं संपवले जातात आणि नवे अर्ज नव्या नियमानं. जुन्यांचं प्रमाण घटत जातं आणि एक दिवस शून्यावर येतं. इथे एकच तारीख सांगता येत नाही, कालखंड सांगावा लागतो.

तिसरा बदल पायरीपायरीनं येतो. एका महिन्यात एक जादा तपासणी, तीन महिन्यांनी एक सही कमी, पुढे एक जोडपत्र ऑनलाइन. एकही पायरी मोठी नसते, पण दोन वर्षांनी मूळ प्रक्रिया ओळखू येत नाही. माझ्या मते हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण कोणत्याही टप्प्यावर कोणाला धक्का बसत नाही.

चौथा पुन्हा पुन्हा येणारा. मार्चअखेरीला लेखा विभागाचं काम वेगळ्या रीतीनं चालतं, प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयाचं कार्यालय वेगळ्या रीतीनं, आणि हंगाम सरला की जुनी घडी परत बसते. युरोपीय संघ शेतकऱ्यांना जे थेट अनुदान देतो त्याच्या जर्मनीतल्या नोंदी २०१८ साली अभ्यासकांना खुल्या झाल्या. तीन वर्षांचे ४३,८०९ अर्ज, पंचवीस लाखांवर नोंदी. दरवर्षी अर्ज, तपासणी, रक्कम वाटप असं चक्र फिरतं आणि त्यातच दर वर्षी नियमांत थोडे फेरफार होतात. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ऋतूनुसार येणारा चढउतार ही त्या कामाची नेहमीची चाल आहे. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करूनही फरक उरला, तर तो खरा बदल.

याखेरीज क्षणिक बदल असतात. दोन दिवस सर्व्हर बंद होता, म्हणून कामं हातानं झाली आणि नंतर नोंदवली गेली. तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. याला बदल न म्हणता अपवाद म्हणून बाजूला ठेवायला हवं.

शेजारच्या दोन खिडक्या

आता हे बदल पकडण्याची रीत. तिचं मूळ कार्यालयांत नसून कारखान्यांत आहे. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेख मांडला. उत्पादनात थोडा चढउतार नेहमी असतोच. तो ठरावीक मर्यादेत राहिला तर यंत्राला हात लावू नये, मर्यादा ओलांडली तरच कारण शोधावं, हा त्याचा गाभा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८मध्ये भारतातही येऊन गेले. १९५४ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी आणखी एक युक्ती दिली: प्रत्येक मोजमापातलं छोटं विचलन साठवत जायचं. बेरीज एका बाजूला वाढत गेली की बारीक पण टिकाऊ बदल लक्षात येतो. कामाच्या वाटांमधले बदल शोधणं हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. फरक एवढाच की इथे मोजायचा आहे तो लोखंडी दांड्याचा व्यास नसून कामांचा क्रम आहे.

क्रम मोजायचा कसा? त्याचे छोटे प्रश्न करायचे. ‘सादर केलं’ यानंतर ‘परत पाठवलं’ कधी येतं: नेहमी, कधीकधी की कधीच नाही? प्रत्येक कामाच्या जोडीसाठी असा प्रश्न विचारला की प्रक्रियेचं रूपांतर आकड्यांत होतं. मग नोंदींवर शेजारी-शेजारी दोन खिडक्या धरायच्या. एका खिडकीत आधीची १०० प्रकरणं, दुसरीत नंतरची १००. दोन्हींत तेच प्रमाण मोजायचं, तुलना करायची, आणि खिडक्या एकेक प्रकरणानं पुढे सरकवत न्यायच्या.

समजा, पहिल्या खिडकीत १००पैकी ९२ बिलं एका फेरीत मंजूर झाली आणि दुसरीत ८८. बदल झाला का? काहीच न बदलता निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक साधारण तीनदा पाहिलं तर एकदा दिसतो. तेव्हा ही घाई नको. पण दुसऱ्या खिडकीत ६१ निघाली तर? काही बदललं नसताना एवढा फरक दिसण्याची शक्यता दहा लाखांत एकपेक्षाही कमी आहे. इथे थांबून पाहायलाच हवं. ज्या जागी दोन खिडक्यांमधला विरोध सर्वांत तीव्र होतो, तिथे बदलाची तारीख धरायची.

यात दोन अडचणी आहेत. पहिली खिडकीच्या मापाची. खिडकी लहान ठेवली तर जरा कुठे खुट्ट झालं की इशारा वाजतो. मोठी ठेवली तर इशारा वाजेपर्यंत बदलाला चार महिने होऊन गेलेले असतात. म्हणून पुढच्या काळात खिडकीचं माप नोंदींनुसार आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धती आल्या. दुसरी अडचण पुनरावृत्तीची. खिडकी हजार ठिकाणी थांबवून प्रत्येक वेळी पाच टक्के चुकीची मुभा दिली, तर काहीच बदललेलं नसताना पन्नासएक खोटे इशारे मिळतील. त्यामुळे एखादा इशारा लागोपाठ बरीच प्रकरणं टिकून राहिला तरच तो ग्राह्य धरण्याची खबरदारी घ्यावी लागते.

२०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन आणि एस्टोनियातल्या टार्टू इथल्या संशोधकांनी आणखी एक बारकावा सोडवला. अब्देररहमान माराजी, मार्लन ड्यूमास, मार्चेल्लो ला रोसा आणि अलिरेझा ओस्तोवार हा तो गट. काही कामं खरोखरच बरोबरीनं चालतात. एका टेबलावर कागदपत्रं तपासली जातात, दुसऱ्यावर निधी पाहिला जातो, आणि कोणतं आधी संपेल हा योगायोग असतो. नुसता क्रम तुलनेला घेतला तर हा योगायोगही बदल म्हणून मोजला जातो. त्यांनी अशा समांतर कामांच्या वेगवेगळ्या क्रमांना एकच वाट मानलं आणि मग वाटांच्या प्रमाणाची तुलना केली. त्यामुळे खोटे इशारे कमी झाले.

बदल दिसतो, पण झालेला नसतो

आकड्यांनी दाखवलेला प्रत्येक फरक कामातला नसतो. या क्षेत्रात मुरलेला माणूस इशारा वाजला की प्रथम नोंदींवर संशय घेतो, कामावर नंतर.

आइंडहोवेनच्याच नोंदी घ्या. २०१७च्या नोंदी दोन विभागांपुरत्या आहेत आणि २०१८च्या पूर्ण विद्यापीठाच्या. न वाचता दोन वर्षं शेजारी ठेवली तर वाटेल, एका वर्षात लोक फारच फिरायला लागले आणि बिलांच्या वाटाही बदलल्या. खरं तर मोजणीचा घेर वाढला होता.

आपल्याकडचं उदाहरण महसूल खात्याचं. दुय्यम निबंधकांकडे जमिनीचा दस्त नोंदला गेला की गावपातळीवर फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२४मध्ये तलाठी या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं. प्रणालीत पदनाम बदललं की संगणकाच्या दृष्टीनं एक कर्मचारीवर्ग त्या दिवशी नाहीसा झाला आणि दुसरा अवतरला. शेतकऱ्याच्या फेरफाराला मात्र तोच माणूस, तीच नोटीस, तेच पंधरा दिवस. जुन्या-नव्या नावांची जोडणी न करता विश्लेषण केलं तर अहवालात मोठा बदल झाल्याची घोषणा होईल.

नोंद करण्याच्या सवयीही फसवतात. दिवसभर काम करून संध्याकाळी सगळ्या नोंदी एकत्र टाकणाऱ्या कार्यालयात कामाचा क्रम आणि नोंदींचा क्रम वेगळा असतो. नवीन अधिकारी आला आणि त्यानं जागच्या जागी नोंद करायला लावली, तर कामात काहीही न बदलता क्रम बदललेला दिसेल. प्रकरणांचं मिश्रण बदललं तरी तेच: परदेश प्रवासाची बिलं वाढली की सरासरी वाट लांबते, कारण ती वाट मुळातच लांब आहे.

आणि सर्वांत सहज होणारी चूक नोंदींच्या शेवटी असते. मागच्या आठवड्यात आलेल्या अर्जांपैकी जे लवकर संपणारे होते तेच आतापर्यंत संपले आहेत. रखडणारे अजून वाटेतच आहेत. फक्त पूर्ण झालेले अर्ज मोजले तर अलीकडचा काळ नेहमी वेगवान दिसतो. कार्यालयानं वेग वाढवल्याचं अभिनंदन करण्याआधी एवढं तपासायलाच हवं.

क्रम तोच, काळ वेगळा

बदल शोधायचा तर तीन अंगांनी पाहावं लागतं: कामांचा क्रम, त्यांना लागणारा वेळ, आणि ती करणारी माणसं. एका अंगानं पाहिलं तर दुसरीकडचा बदल निसटतो.

इटलीतल्या एका स्थानिक पोलीस यंत्रणेच्या वाहतूक दंडाच्या नोंदी अभ्यासासाठी उपलब्ध आहेत. १,५०,३७० दंड, ५,६१,४७० नोंदी, २००० ते २०१३ हा काळ. दंड तयार होतो, पाठवला जातो, पोहोचल्याची नोंद होते, ६० दिवसांत भरला नाही तर वाढीव रक्कम लागते, तरीही नाही भरला तर वसुलीला जातो. मधे कोणी अपीलही करतं. याच काळात, २०१० साली, इटलीत दंडाची सूचना वाहनमालकाला देण्याची मुदत कायद्यानं १५० दिवसांवरून ९० दिवसांवर आणली. या बदलानं पायऱ्यांचा क्रम तसूभरही हलत नाही. आधी तयार करायचा, मग पाठवायचा, हे तसंच राहतं. बदलायचं असतं ते दोन पायऱ्यांमधलं अंतर. केवळ क्रम तपासणारी पद्धत इथे आंधळी ठरते.

उलट परिस्थितीही असते, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीनं ती महत्त्वाची आहे. आपल्याकडे २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, न दिली तर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि पुढे आयोग, अशी सोय त्यात आहे. हा कायदा मोलाचा आहे, आणि म्हणूनच त्याचं पालन कसं मोजतो याची काळजी घ्यायला हवी. समजा एका कार्यालयात मुदत संपत आली की अर्ज ‘त्रुटी आहे’ म्हणून परत पाठवायची प्रथा पडली. नागरिक कागद जोडून नव्यानं अर्ज करतो, नवा क्रमांक पडतो, घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. अहवालात मुदतीचं पालन उत्तम राहतं, कदाचित सुधारतंही. नागरिकाचे हेलपाटे मात्र दुप्पट होतात. वेळेचा आलेख इथे काहीच सांगणार नाही. ‘त्रुटी’चा शेरा मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत किती वेळा पडतो आणि हे प्रमाण कोणत्या महिन्यापासून वाढलं, हे पाहिलं तरच ते उघड होईल. त्यासाठीही एका नागरिकाचे दोन अर्ज एकाच प्रकरणाचे भाग म्हणून जोडलेले असायला हवेत. हाच शेरा कुठे प्रामाणिकपणे पडतो आणि कुठे सोयीसाठी, हे वाटांच्या बदलातून कळू शकतं.

एका डच वित्तसंस्थेच्या नोंदी मोजण्याचं आणखी एक भान देतात. २०१२ साली तिनं कर्जाच्या १३,०८७ अर्जांच्या नोंदी अभ्यासकांना दिल्या आणि २०१७ साली नव्यानं ३१,५०९ अर्जांच्या. मधल्या काळात तिची संगणक प्रणाली बदलली होती आणि एका अर्जावर अनेक कर्जप्रस्ताव देता येऊ लागले होते. म्हणजे कामाच्या वाटेबरोबर ‘एक प्रकरण’ कशाला म्हणायचं हेही बदललं. अर्ज मोजायचा की प्रस्ताव, हे ठरवल्याशिवाय दोन काळांची तुलना सुरूच करता येत नाही.

कारण नोंदींत नसतं

बदलाची तारीख आणि जागा सापडली, तरी कारण मिळत नाही. नोंदी सांगतील की १४ ऑगस्टच्या सुमारास परत पाठवण्याचं प्रमाण वाढलं. का वाढलं हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी शासन निर्णय, परिपत्रकं, बदल्या, प्रणालीतल्या सुधारणा यांच्या तारखा शेजारी ठेवाव्या लागतात, आणि सर्वांत आधी ते काम करणाऱ्यांना विचारावं लागतं. बऱ्याचदा उत्तर एका वाक्यात मिळतं: त्या महिन्यात अर्जाचा नमुना बदलला आणि एक रकाना कोणालाच कळत नाही.

विचारण्याच्या पद्धतीवर मग सगळं अवलंबून राहतं. नोंदींमध्ये कर्मचाऱ्याचं नाव किंवा क्रमांक असतो, त्यामुळे ही साधनं सहज पाळत ठेवण्यासाठी वळवता येतात. एखाद्यानं नियमातली पायरी वगळली, हे दिसलं की नोटीस काढणं सोपं असतं. पण कित्येकदा ती पायरी निरुपयोगी झाली आहे हे त्या माणसाला सर्वांत आधी कळलेलं असतं. तसंच एखादी जादा पायरी कोणीतरी वाढवलेली असते, कारण पूर्वी तिथे मोठी चूक झाली होती. शिक्षेची भीती असेल तर लोक नोंदीच जपून टाकायला लागतात, आणि मग मोजायला खरं असं काही उरत नाही. म्हणून विश्लेषणाच्या पहिल्या फेरीत नावं झाकलेली असावीत आणि निष्कर्ष आधी ते काम करणाऱ्यांपुढे ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. बदल चांगला की वाईट, याची पहिली साक्ष त्यांची.

आता अनेक मोठ्या संस्था जुन्या नोंदींवरून पुढचे अंदाज बांधतात: हा अर्ज किती दिवसांत संपेल, कोणतं प्रकरण रखडेल, कोणत्या दाव्याची जास्त तपासणी करायची. हे अंदाज बांधणारी यंत्रणा कालच्या प्रक्रियेवर शिकलेली असते. प्रक्रिया बदलली आणि तिला सांगितलं नाही, तर ती तशाच आत्मविश्वासानं चुकीचे अंदाज देत राहते. बदल ओळखण्याचं काम हे त्या यंत्रणेचं अंग म्हणूनच बसवायला हवं. वर्षातून एकदा करायची तपासणी म्हणून ते पुरत नाही.

छोट्या कार्यालयालाही यातलं बरंच करता येतं. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रकरणाचा क्रमांक, काम आणि वेळ या तीन रकान्यांची प्रामाणिक नोंद, आणि मागच्या तीन महिन्यांची त्याआधीच्या तीन महिन्यांशी तुलना, एवढ्यानं सुरुवात होते. त्याच्या जोडीला एक वही ठेवावी. नवा नमुना कधी आला, कोणाची बदली झाली, प्रणाली कधी अद्ययावत केली, कोणत्या तोंडी सूचनेनं कोणती पायरी वाढली, हे तारखेसह तिच्यात लिहावं. तोंडी सूचना तर नक्कीच लिहावी, कारण तिचा दुसरा पुरावा कुठेच नसतो. दोन वर्षांनी सुधारणेचा विचार करायला बसणाऱ्याला त्या वहीतून कळेल की समोरचे आकडे एका प्रक्रियेचे आहेत की तीन वेगवेगळ्या प्रक्रियांचे. हे कळल्यावरच सुधारणा करण्याला अर्थ येतो.